चित्राखाली माणसाचं नाव लिहा
सांगली-सातारा भागातील कलाशिक्षक, मुद्राचित्रकार आणि प्रदर्शनांचे संयोजक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत राहते, एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. तुमच्या प्रदर्शनांना आवर्जून येते, शाळेतल्या मुलांना घेऊन येते. अलीकडे या प्रदर्शनांत एचिंगची चित्रं दिसू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने रेषा ओढायच्या, आम्लात बुडवून त्या खोल करायच्या, शाई भरायची, पुसायची आणि ओल्या कागदावर प्रेसखाली ठसा घ्यायचा. एवढी चिकाटी दाखवणारी मुलं आपल्या भागात आहेत, ही साधी गोष्ट नाही.

या चित्रांत माणसांचे चेहरे पुष्कळ असतात. हळद निवडणाऱ्या बायका, घोंगडीवाले मेंढपाळ, ऊसतोड कामगार, एसटी स्टँडवर बसलेले म्हातारे, वारीतल्या आज्या. खाली पाट्या असतात: 'हमाल', 'आजी', 'श्रम', 'चेहरा ३', 'शीर्षकहीन'. माझं मागणं एकच आहे. ज्याचा चेहरा काढता त्याला नाव विचारा, आणि त्याची हरकत नसेल तर ते चित्राखाली लिहा.

यातलं एक चित्र माझ्या मामांचं आहे. मामा मिरज जंक्शनवर परवानाधारक हमाल आहेत, पंढरपूरकडे नॅरोगेजची गाडी जायची तेव्हापासून. मिरजेला कितीतरी लोक येतात ते दवाखान्यासाठीच. त्यामुळे मामांनी बॅगा जितक्या वाहिल्या, तितकीच आजारी माणसं व्हीलचेअरवरून बाहेर रिक्षापर्यंत नेली. कन्नड त्यांना मराठीइतकीच येते. यातलं काहीच त्या चित्रात नाही आणि ते असायला हवं असा माझा हट्टही नाही.

चित्र चांगलं आहे, हे आधीच सांगते. जस्ताच्या पत्र्यावरचं काम, वहीच्या पानाएवढं. मान किंचित कललेली, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, नजर समोर पण कुणाकडेच नाही. गाडी यायच्या आधी मामा रुळांकडे असेच बघत असतात. मानेवरच्या दोन शिरांच्या रेषा आम्लाने इतक्या खोल खाल्ल्या आहेत की कागदावर शाई उठून आली आहे, बोट फिरवलं तर हाताला लागावी. सदऱ्याला राळेची पूड वापरून ॲक्वाटिंटचा दाणेदार करडा दिला आहे. आता लाल सदरा काळ्या शाईत लाल राहत नाही. मग हा माणूस हमाल आहे हे कळायला खूण उरते ती दंडावरचा पितळी बिल्ला. तो फार निगुतीने काढला आहे. त्यावरचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो.

तुम्ही जाणकार आहात, तेव्हा यात काय आलं ते तुमच्या ध्यानात येईल. एचिंगचा छाप उलटा येतो. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं. चेहऱ्याला ते चालून जातं, आकड्याला चालत नाही. आकडा कागदावर सुलटा हवा तर पत्र्यावर उलटा काढावा लागतो. म्हणजे चित्रकाराने तो क्रमांक टिपून घेतला, ट्रेसिंग पालथं घालून उलटा केला, मेणावर सुईने एकेक आकडा काढला, प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, घेऊन बरोबर आलाय का ते तपासलं. बिल्ल्याच्या नंबरासाठी एवढी मेहनत झाली, आणि नाव विचारायचं राहून गेलं. छापाखाली पेन्सिलीने लिहिलं आहे: आवृत्तीतला क्रमांक (एकूण छापांपैकी हा कितवा), 'हमाल', सही, साल. शेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, किंमत. पत्र्याची लांबी-रुंदीसुद्धा नोंदवलेली आहे.

मामांना मी प्रदर्शनाला घेऊन गेले. ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "नंबर बरोबर हाय की." मग पाटी वाचली आणि गप्प झाले. घरी परतताना एवढंच बोलले, "पोरगं चांगलं होतं. चार दिस यायचं, बाकड्यावर बसून काढायचं, चहा घ्यायचं आमच्यासंगं. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

मला त्या मुलावर राग धरायचा नाही. त्याचं नावही मी इथे घेणार नाही, कारण त्याने तेच केलं जे त्याला शिकवलं गेलं. एचिंग काही चालत्या गाडीतून मोबाइलवर टिपलेला फोटो नव्हे. आधी समोर बसून रेखाटनं होतात, मग पत्रा, मग पहिलं प्रूफ, मग दुरुस्त्या, मग पुन्हा आम्ल. एका चेहऱ्यासोबत चित्रकार आठवडेच्या आठवडे राहतो. त्या माणसाच्या कपाळावर किती आठ्या आहेत हे त्याला बायकोमुलांपेक्षा जास्त ठाऊक होतं. एवढ्या काळात नाव विचारायला सवड मिळाली नाही असं म्हणता येत नाही. विचारायचं असतं, हेच कुणी सांगितलं नाही.

ही सवय आली कुठून? फ्लेमिश चित्रकार बाल्थाझार सोल्विन्स १७९१ साली कलकत्त्याला आला. १७९६ ते १७९९ या काळात त्याने २५० रंगीत एचिंगचा संग्रह तिथे प्रसिद्ध केला. त्यात इथल्या जाती, त्यांचे व्यवसाय, नोकरचाकर, पालख्या, होड्या, सणवार, सगळं आहे. साध्या कष्टकरी माणसाकडे इतक्या बारकाईने त्याआधी क्वचितच कुणी पाहिलं असेल, आणि त्या माणसांच्या उभं राहण्याच्या ढबी पाहिल्या की यातला प्रत्येक जण खरोखर कुणीतरी होता हे पटतं. पण पत्र्यावर माणूस उभा राहिला तो जातीचा नमुना म्हणून. खाली लिहिलं ते जातीचं किंवा धंद्याचं नाव.

त्याच दशकात आपल्या बाजूला काय चाललं होतं पाहा. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९२ मध्ये पुण्याच्या दरबारात आला. त्याने सवाई माधवराव रंगवले, नाना फडणवीस रंगवले. वाईजवळ मेणवलीला आपण नानांचा वाडा दाखवायला मुलं नेतो. त्या वाड्याच्या धन्याचा चेहरा, नाव, हुद्दा, सगळं आपल्याला ठाऊक आहे. देश तोच, दहा वर्षं तीच. एकाच्या चित्राखाली नाव आलं, दुसऱ्याच्या चित्राखाली धंदा आला. दोघेही चित्रकारासमोर सारखेच ताटकळत बसले असतील.

पुढे कॅमेरा आला तरी रीत बदलली नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड काढले. चारशे अडुसष्ट छायाचित्रं, आणि मांडणी जमाती-जातींप्रमाणे. सत्तावन्नच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना रयत ओळखायची होती, आणि ओळखायची म्हणजे कप्प्यांत लावायची. आपल्या कला महाविद्यालयांचा पायाही त्याच राजवटीत घातला गेला. मॉडेलला समोर बसवायचं, रोजंदारी द्यायची, 'वृद्ध पुरुष', 'बसलेली स्त्री' असं लिहून ड्रॉइंग जमा करायचं, ही पद्धत आपण जशीच्या तशी उचलली. साहेब गेला, कप्पे राहिले.

मी स्वतः शाळेत हे रोज पाहते. स्मरणचित्राच्या तासाला मुलांना 'रेल्वे स्टेशन' विषय दिला की हमाल लाल सदऱ्याचा येतो, डोक्यावर दोन बॅगा, आणि चेहरा म्हणजे नुसता गोल. प्रवाशांना मात्र डोळे, मिशा, चष्मा असतो. मुलं मनाने वाईट नसतात. त्यांनी जे पाहिलं तेच ती काढतात. म्हणूनच मोठ्यांच्या प्रदर्शनात भिंतीवर काय लिहिलंय याला महत्त्व आहे. ती पाटी माझे विद्यार्थी वहीत उतरवून घेतात.

युरोपातली थोर मंडळी तरी कुठे नावं लिहीत होती, असं मला एका प्राध्यापकांनी ऐकवलं. बरोबर आहे, आणि तिथेही हाच दुजाभाव आहे. डच चित्रकार रेम्ब्रांने सुमारे तीनशे एचिंग केली. १६४७ मध्ये त्याने खिडकीशी उभा राहून वाचणारा यान सिक्स काढला, तो श्रीमंत होता, कवी होता, त्याचं नाव टिकलं. त्याच रेम्ब्रांने १६३० च्या सुमारास काढलेले भिकारी, लंगडे, झोळीवाल्या बायका मात्र 'भिकारी' म्हणूनच राहिल्या. त्या पत्र्यांमध्ये एक अपवाद आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. १६३० सालच्या एका छोट्या एचिंगमध्ये बांधावर बसून हात पसरणाऱ्या भिकाऱ्याला रेम्ब्रांने स्वतःचा चेहरा दिला. तो भिकारी कोण हे आज जगाला माहीत आहे, कारण तो रेम्ब्रां आहे. शेजारच्या पत्र्यावरची म्हातारी कोण, हे आता कधीच कळणार नाही.

आपल्याच देशात वेगळं वागलेले लोकही झाले. चित्रकार चित्तप्रसाद १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूरमधून पायी फिरले. उपाशी माणसं, ओस पडलेली घरं, वाटेवरची प्रेतं त्यांनी शाईत उतरवली आणि काही रेखाटनांसोबत त्या माणसाचं नाव, गाव, त्याच्यावर काय गुदरलं हे टिपून ठेवलं. माणसं मरत होती, हातात वेळ नव्हता, तरी नाव विचारलं. या रेखाटनांच्या त्यांनी काढलेल्या छोट्या पुस्तिकेच्या ५००० प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. आकड्यांना सरकार उत्तर देऊ शकतं. नाव-गाव असलेल्या माणसाचं चित्र त्याला जड जातं.

आता तुमच्या आक्षेपांकडे येते. दोन आक्षेप मी वारंवार ऐकले आहेत.

पहिला असा, की आम्ही एका माणसाचं चित्र काढत नाही, सगळ्या कष्टकऱ्यांचं प्रतीक काढतो, आणि नाव घातलं की प्रतीक लहान होतं. मला हे पटत नाही. नानांच्या चित्राखाली नानांचं नाव आहे म्हणून त्यातून पेशवाईच्या उतरत्या काळाचा मुत्सद्दी दिसायचा थांबत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या दाढीधारी चेहऱ्याखाली त्यांचं नाव असतंच, तरी रयत शिक्षण संस्थेत शिकलेल्या हजारो पोरांना त्यात स्वतःची शाळा दिसते. कष्टकऱ्यालाच तेवढं सगळ्यांच्या वतीने उभं राहायचं आणि स्वतःसाठी काहीच उरू द्यायचं नाही, असं का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने तो घेतला. ती म्हणाली, "बाई, नाव लिहिलं की आडनाव येतं, आणि आडनाव वाचलं की आपल्याकडे लोक जात काढतात. निदान चित्रात तरी माणूस त्यातून सुटू दे." यावर मी बरेच दिवस विचार केला. तिचं म्हणणं हलक्यात घ्यावं असं नाही. आपल्या भागात आडनाव सांगताना आवाज खाली जातो अशी घरं आजही आहेत. पण मग 'धनगर', 'कैकाडी स्त्री' या पाट्यांचं काय? तिथे जात तर लिहिलीच आहे, मोठ्या अक्षरांत. गाळला आहे तो फक्त माणूस. सोल्विन्सच्या पत्र्यावरही नेमकं हेच होतं.

म्हणून मी म्हणते, विचारा. कुणी पूर्ण नाव सांगेल. कुणी नुसतं पहिलं नाव आणि गाव सांगेल. एखादी बाई आईचं नाव लावेल. कुणी म्हणेल, माझं नाव नको, घरच्यांना कळायला नको. तेही लिहिता येतं: 'नाव न देण्याची इच्छा'. नाव राखून ठेवणं हा माणसाचा हक्क आहे. इंग्लंडचा चित्रकार लुशियन फ्रॉइड याने १९८२ पासून पुन्हा एचिंग हाती घेतलं, पत्रा कॅनव्हाससारखा ईझलवर उभा ठेवून माणसं तासन्‌तास समोर बसवली, आणि पुष्कळ चित्रांना 'दंडावर गोंदण असलेली स्त्री' अशी बिननावाची शीर्षकं दिली. पण तो त्या माणसांना नावानिशी ओळखत होता आणि ती माणसंही आपण कुठे बसलोय हे जाणून होती. माहीत असून झाकलेलं नाव आणि कधी विचारलंच नाही ते नाव, यांत फरक आहे. पाटीवर दोन्ही सारखीच कोरी दिसतात, ही अडचण आहे. एका ओळीने ती दूर होते.

नावाची नोंद होण्याचं मोल आपल्या मुलखाला कुणी शिकवायला नको. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कागदावर एक नाव चढण्याला आपण एवढं मानतो.

आणि नाव न चढल्याने काय होतं तेही आपल्या गावोगावच्या देवळांसमोर उभं आहे. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात गेला असाल तर तिथले वीरगळ पाहिले असतील. खालच्या कप्प्यात लढाई, त्यावर अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, वर चंद्रसूर्य. गावासाठी, गुरांसाठी जीव दिलेला माणूस आहे तो. दगड घडवणाऱ्याने ढाल कुठल्या हातात ते दाखवलं, केसांचा बुचडा दाखवला. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावाला तेव्हा ठाऊक होतं, कोरायची गरज वाटली नसेल. दोन-चार पिढ्यांत विसर पडला. आज लोक शेंदूर लावतात, नमस्कार करतात, कुणाला करतोय ते सांगता येत नाही. त्या दगडांपुढे मुलं मला विचारतात, "बाई, हे कोण?" मला उत्तर देता येत नाही. मामांच्या चित्रापुढे पन्नास वर्षांनी कुणी मूल असंच विचारेल, आणि तिथे उत्तर द्यायला आज एक पेन्सिल पुरे आहे.

आता करायचं काय, ते सांगते. शीर्षक हा चित्रकाराचा अधिकार आहे, त्यात मला ढवळाढवळ करायची नाही. 'हमाल' ठेवायचं तर ठेवा. त्याच्या खालच्या ओळीत 'बैठक:' असं लिहून माणसाचं नाव आणि गाव द्या. विद्यार्थ्यांच्या रेखाटनवहीत पहिल्याच रेखाटनाखाली तारखेसोबत नाव टिपायची सवय लावा, कारण पत्रा होईपर्यंत ते राहून जातं. विचारताना चित्र विकायचं आहे हेही सांगा. प्रत्येक आवृत्तीत चित्रकाराचे म्हणून काही प्रूफ वेगळे काढतातच. त्यातलं एक त्या माणसाच्या घरी जाऊ द्या. उद्घाटनाचं आमंत्रण द्या, आणि ते आले तर त्यांना मागे उभं करू नका. संयोजकांनी प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा. तुमच्या अर्जात काचेची जाडी आणि हुकाची बाजू विचारलेली असते, तिथे ही एक ओळ सहज मावेल.

महाविद्यालयांत मॉडेल म्हणून येणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. त्यांतल्या पुष्कळ जणी शेजाऱ्यांना न सांगता येतात. त्यांची नावं भिंतीवर यावीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण वर्गातल्या मुलांनी त्यांना नावाने किंवा मावशी, काका म्हणून हाक मारावी, 'मॉडेल आलं का?' असं त्यांच्यादेखत विचारू नये, एवढं तर शिक्षक त्याच दिवसापासून करू शकतात.

औंधच्या यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभं केलं. ते राजे होते आणि स्वतः चित्रकार होते. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्यकारभार गावच्या पंचायतींच्या हाती सोपवणारी घटना आपल्या छोट्या संस्थानाला दिली. चित्रं जमवणारा आणि रयतेला मान देणारा माणूस इथे एकच होता, याचा मला सातारा-सांगलीची म्हणून अभिमान वाटतो. तुमच्याकडे मागणं मांडायचं धाडस त्यातूनच आलं.

मामांचं नाव या पत्रात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "आदी चित्राखाली लिवू दे त्या पोराला. मग तुझ्या पत्रात." एचिंगची आवृत्ती पुष्कळदा एकदम छापत नाहीत, मागणीप्रमाणे काढतात. पत्रा त्या मुलाकडे आहे. बरेच छाप अजून निघायचे असतील आणि प्रत्येकाखाली हातानेच लिहायचं आहे. त्याने यावं. मामा सकाळच्या पाळीला प्लॅटफॉर्मवर असतात. प्रदर्शनांच्या संयोजकांपैकी ज्यांना अर्जाचा नवा नमुना करायचा असेल त्यांनी मला बोलवावं. शाळा सुटल्यावर कुठल्याही दिवशी मी येईन.

आपली,
एक कलाशिक्षिका, मिरज